पट्टी सुटली, पुढं काय?

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला लोणच्याच्या बरणीला बुरशी का येते त्यावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणींनी विचारणा केली आहे. सगळ्यांना पुढच्या आठवड्यात उत्तरं देते, नक्की. आज मात्र विषय निराळा आहे. तसा स्वयंपाकघरातलाच म्हणा, कारण त्याची सुरुवात झाली ती आमच्या मोरीपाशी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एका सकाळी आल्या त्या पदर तोंडाला लावूनच. म्हणाल्या, "वहिनी, पोरीचं डोळं आलं, पर..."

मी पोळ्या लाटत होते. अकराची शाळा, ह्यांचा डबा, नेहमीची धांदल. वळूनही न बघता म्हटलं, "अहो, मग तिचा टॉवेल वेगळा ठेवा. आणि दुसऱ्या मुलांत मिसळू देऊ नका."

मावशी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "तसं न्हवं वहिनी. ऑपरेशनचं डोळं आलं. पट्टी सुटली. पर तिला दिसंना."

लाटणं माझ्या हातातच राहिलं.

मावशींची ही नात अकरा वर्षांची. तिचं नाव इथं लिहीत नाही, आपण तिला छबू म्हणू. जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदू हा म्हाताऱ्यांचा आजार अशी आपली समजूत, पण तो पोटातून घेऊन येणारी मुलंही असतात. बाहुलीत पांढरं दिसत होतं, ते घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. "फूल पडलंय, देवाची मर्जी" म्हणून दहा वर्षं गेली. छबूला उजेड-अंधार कळायचा, उन्हात काही रंगसुद्धा कळायचे, बाकी सगळा कारभार कान आणि हात यांवर. शेवटी धाकट्या भावाच्या शाळेत मुलांची तपासणी करायला सरकारी डॉक्टरांचं पथक आलं. त्यांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला काही? आणि हिची गोष्ट निघाली. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फुकट झालं. डावा पुढच्या महिन्यात करायचा होता.

आता पट्टी सुटणं म्हणजे काय, हे आपण सगळ्यांनी हिंदी चित्रपटात किती वेळा पाहिलंय! डॉक्टर म्हणतात, "हळूहळू डोळे उघड." आधी अंधुक, मग स्वच्छ, मग समोर हार घातलेली तसबीर आणि मग "आई!" म्हणून धाव. मावशींनीही तेच पाहिलेलं. त्या बिचाऱ्या नवं लुगडं नेसून समोर उभ्या होत्या. छबूनं डोळा उघडला आणि गच्च मिटून घेतला. उजेड टोचतो म्हणाली. पुन्हा उघडला तर नजर भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे. आजी बोलली तेव्हा कुठं आवाजाच्या दिशेनं मान वळली. आणि समोर आजीचं तोंड असताना म्हणते कशी, "आजी, तू कुठं हायस?"

इस्पितळात गर्दी होती. औषधाचे थेंब कसे घालायचे ते सांगितलं, चष्मा दिला, तारीख दिली. याच्यापुढं काय होणार हे मात्र कुणी समजावून सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल ते यांच्या कानापर्यंत पोचलं नाही.

छबूची आई त्याच सुमारास बाळंत झाली, म्हणून मावशी पोरीला घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. परसदारी पायरीवर बसवायच्या. मी येता-जाता बघायची. अंगणात दोरीची सावली पडली की पोर उंच पाय उचलून ती ओलांडायची, आणि खऱ्या उंबरठ्याला ठेचकाळायची. पायऱ्या उतरताना डोळे मिटून घ्यायची! मिटून झरझर उतरायची, उघडे ठेवले की थरथरायची. मावशींना वाटे, ही नाटकं करते. सूनबाईंचं म्हणणं पडलं, चार दिवसांची मजुरी बुडाली, बसभाडं गेलं, आता दुसरा डोळा करायचा नाही.

मी पडले शिक्षिका. अर्ध्या वेळेची का होईना! मला वाटलं, आपण शिकवू. पहिलीच्या वर्गातला चित्रांचा तक्ता आणला. आंबा दाखवून विचारलं, "हे काय?"

"पिवळं."

"पिवळं काय?"

"पिवळंच."

"अगं, आंबा! खातेस ना उन्हाळ्यात?" तिनं तक्त्यावरून हात फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "कागद हाय."

मी चिडले. खोटं कशाला सांगू? म्हटलं, "नीट बघ!" तिनं डोळे मिटले आणि आवाज न करता रडायला लागली. त्या दिवशी शाळेत माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. "नीट बघ" हे आपण पोरांना दिवसातून वीस वेळा म्हणतो. ते करायचं कसं असतं, हे मात्र मला कुणाला सांगता आलं नसतं.

बी. ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. त्यावरून सासरी अजून चेष्टा होते ("मग भाजीत मीठ किती, हे तत्त्वज्ञानात नव्हतं का?"). पण त्या दिवसांतलं एक जुनं पुस्तक माळ्यावरच्या पेटीत होतं, ते त्या रात्री काढलं. रिचर्ड ग्रेगरी या इंग्रज शास्त्रज्ञाचं 'आय अँड ब्रेन', पहिल्यांदा १९६६ साली निघालेलं. त्यात सिडनी ब्रॅडफर्ड या माणसाची हकिगत आहे, नुसत्या आद्याक्षरांनी दिलेली. बारा वाजेपर्यंत वाचत बसले.

हा ब्रॅडफर्ड १९०६ साली जन्मला. दहा महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली. अंधशाळेत शिकला, जोडे दुरुस्त करायचं काम करू लागला, लग्न केलं. अगदी उमदा, आनंदी माणूस. मेव्हण्याची मोटार धुताना हातानं तिचा आकार चाचपून ती कशी दिसत असेल याची कल्पना करायचा. वयाच्या ५२ व्या वर्षी, १९५८ च्या डिसेंबरात आणि १९५९ च्या जानेवारीत, त्याच्या दोन्ही डोळ्यांत दान मिळालेले पारदर्शक पडदे बसवले. पट्टी निघाली तेव्हा त्याला डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, त्या दिशेला बघितलं तर एक पुसट डाग. आवाज तिथून येतो म्हणजे हा चेहरा असणार, असा त्यानं हिशेब केला!

हे वाचलं आणि मला नवं लुगडं नेसलेल्या मावशी आठवल्या.

पण गंमत पुढेच आहे. हाच माणूस भिंतीवरचं घड्याळ बघून बरोबर वेळ सांगायचा. कारण त्याच्या खिशातल्या घड्याळाला काच नव्हती, काटे चाचपून वेळ ओळखायची सवय होती. इंग्रजी मोठी अक्षरं त्याला वाचता आली, छोटी नाही. अंधशाळेत लाकडावर कोरलेली मोठीच अक्षरं शिकवली होती. म्हणजे हाताला जे ठाऊक, ते डोळ्यानं ओळखलं. हाताला जे ठाऊक नाही, ते डोळ्यासमोर असूनही दिसेना. इस्पितळाच्या खिडकीतून जमीन तीस-चाळीस फूट खाली होती, पण त्याला वाटायचं, खिडकीला लोंबकळलं तर पाय सहज टेकतील. एका रात्री आकाशात कोर दिसली, पण ते काय हे त्याला कळेना. चंद्र म्हटल्यावर चकितच झाला. पाव चंद्र म्हणजे केकच्या चतकोर तुकड्यासारखा असणार, असं तो आयुष्यभर धरून चालला होता.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्याला एका जुन्या लेथ यंत्रापुढं उभं केलं. अवजारांचं त्याला भारी वेड. पण काचेतून बघून काही सांगता येईना. मग काच उघडली. त्यानं डोळे घट्ट मिटले, मिनिटभर यंत्रावरून दोन्ही हात फिरवले, मागे सरला, डोळे उघडले आणि म्हणाला, हात लावल्यावर आता दिसतंय.

या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं. छबूचा हात तक्त्यावरून फिरला होता, आणि तिच्या हाताला आंबा लागला नव्हता, कागदच लागला होता. तिचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती.

ब्रॅडफर्डची गोष्ट मात्र सुखाची नाही, तेही सांगायला हवं. आंधळा असताना पांढरी काठी घेऊन बेधडक रस्ता ओलांडणारा हा माणूस, दिसायला लागल्यावर वाहनं बघून घाबरायचा, दोघांनी दोन बाजूंनी धरावं लागे. जग त्याला मळकट वाटलं. रंगाचे पोपडे निघालेले बघून वाईट वाटायचं. संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसू लागला. पूर्वी लोक म्हणायचे, आंधळा असून केवढं करतो! आता म्हणू लागले, डोळे असून एवढंच? ऑगस्ट १९६० मध्ये तो वारला. दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

म्हणजे धोका काय आहे ते कळलं ना? डोळ्याचं काम डॉक्टर करतात. पण "डोळे असून एवढंच?" हे वाक्य घरात बोललं जातं. आणि ते मी बोलून बसले होते.

असंच फार पूर्वी लंडनच्या चेसल्डन नावाच्या शस्त्रवैद्यानं १७२८ साली लिहून ठेवलंय. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, मोतीबिंदू काढलेला. त्याला वाटायचं, दिसतंय ते सगळं डोळ्यालाच चिकटलंय. घरातलं मांजर कुठलं आणि कुत्रा कुठला हे तो सारखा विसरे, विचारायचीही लाज वाटे. मग एकदा त्यानं मांजराला धरलं, चाचपलं, टक लावून बघितलं, आणि आता पुढच्या वेळी तुला ओळखीन, असं तिलाच सांगितलं! चित्रं त्याला नुसते रंगाचे पट्टे वाटत. दोनेक महिन्यांनी चित्रात माणसं असतात हे लक्षात आलं, तर हात लावून बघतो तो सगळं सपाट. मग विचारतो, खोटं कोण बोलतंय, हात की डोळा?

माझ्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात जॉन लॉकवर प्रश्न हमखास यायचा. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूनं त्याला १६८८ साली एक कोडं घातलं होतं. जन्मांध माणसाला चेंडू आणि चौकोनी ठोकळा हातानं ओळखता येतो, उद्या त्याला डोळे आले तर हात न लावता ओळखील का? आम्ही हे पाठ करून लिहिलं, मार्क मिळवले. मॉलिन्यूची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत आंधळी झाली होती, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. मला ते कळलं ते परवा. वर्गातल्या तीस मुलींपैकी एकीनं तरी ते कोडं मग वेगळ्या मनानं वाचलं असतं.

त्या कोड्याचं उत्तर मिळालं ते आपल्याच देशातल्या मुलांकडून. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक असलेले पवन सिन्हा यांनी भारतात 'प्रकाश' नावाचा प्रकल्प सुरू केला. खेड्यापाड्यांतली जन्मतः मोतीबिंदू असलेली मुलं शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया करायची, आणि नंतर ती बघायला कशी शिकतात त्याचा अभ्यास करायचा. २०११ साली त्यांनी पाच मुलांची माहिती प्रसिद्ध केली, वयं ८ ते १७. ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत हातात एक ठोकळा द्यायचा, मग समोर दोन ठेवून विचारायचं, मघाचा कुठला? मुलांची उत्तरं जवळजवळ छापा-काट्यासारखी आली. पण काही मुलांना थोड्याच दिवसांनी, एकाला तर पाचव्या दिवशी, पुन्हा विचारलं, तेव्हा ती बरीच बरोबर सांगू लागली होती. मुद्दाम शिकवणी काही दिली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांना आढळली, ती मला फार उपयोगी पडली. अशा मुलांना सुरुवातीला एक वस्तू कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते हेच कळत नाही. गाईच्या अंगावरचे डाग म्हणजे वेगवेगळ्या वस्तू, सावली ही आणखी एक वस्तू. पण तीच वस्तू हलवली की तिचे तुकडे एकत्र जुळतात.

मग आम्ही पद्धत बदलली. तक्ता शाळेत परत गेला. ओट्यावर काळं कापड अंथरून त्यावर एकच वस्तू ठेवायची. पहिली होती वाटी. आधी डोळे मिटून हातात. मग मी ती हातभर लांब धरून हलवायची. मग पुन्हा तिच्या हातात. वाटी, पळी, लाटणं. एका दिवशी तीन, जास्त नाहीत. ती डोळे मिटून पायऱ्या उतरली तर उतरू दे, कुणी ओरडायचं नाही. जवळ जाताना आधी बोलायचं, मग तोंड दाखवायचं. लाल मिरच्या आणि लसूण एकत्र करून निवडायला द्यायचं, ते काम तिला आवडलं.

दोन दिवस गेले आणि एकदम माझ्या लक्षात आलं, हिचा चष्मा कुठाय? मावशी म्हणाल्या, "फुटंल म्हणून पेटीत ठिवलाय." मला हसावं का रडावं कळेना! या ऑपरेशनात डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून टाकतात. बदली भिंग बसवलं तरी जवळचं नीट दिसायला चष्मा लागतोच. दीड महिना चष्मा लुगड्याच्या घडीत, आणि पोर म्हणे बघत नाही.

नवव्या दिवशी तिनं तीन वस्तूंमधून लाटणं उचललं, हात न लावता. उचलल्यावर मात्र चाचपून खात्री करून घेतलीच. मावशी मोरीतून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, डाव्या डोळ्याची तारीख गेली, पुन्हा देतील का?

मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तुमच्या-माझ्यासारखं तिला कधीच दिसणार नाही. फळ्यावरचं बारीक अक्षर, लांबून येणारी बस, हे कठीण. कारण पहिल्या काही महिन्यांत डोळ्याकडून स्वच्छ चित्र गेलं नाही, तर मेंदूचा बघण्याचा भाग तसाच अर्धवट राहतो. (ह्यूबेल आणि वीझेल या दोघांनी मांजरीच्या पिल्लांवर हेच दाखवलं, त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.) पण एकटीनं चालणं, जवळची माणसं ओळखणं, घरातली कामं, मोठ्या अक्षराचं पुस्तक, हे जमू शकेल. आणि ब्रेल शिकायला मिळाली तर सोडू नका, असंही म्हणाले. डोळे आले म्हणून हात काढून घ्यायचे नाहीत.

परत येताना बसमध्ये मला एकदम छबूच्या तान्ह्या भावाची आठवण झाली. बारशाला झबलं-टोपडं घेऊन मी गेले होते, पण बाळ झोपलेलं. मावशींना विचारलं, "बाळाचे डोळे दाखवले का? हे घराण्यातही असू शकतं." त्या म्हणाल्या, "सव्वा महिना झाल्याबिगर बाळ भाईर काढत न्हाईत."

मैत्रिणींनो, सव्वा महिन्याची रीत मीही पाळली आहे, दोन्ही वेळा, आणि बाळंतिणीला विश्रांती मिळते म्हणून मला ती आवडतेही. पण जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या दोनेक महिन्यांतच व्हायला हवी. सव्वा महिना थांबायचं, मग मुहूर्त, मग तारीख, यात तेवढे दिवस सहज निघून जातात. मावशींशी माझं त्या बसमध्ये चांगलंच वाजलं. मी म्हटलं, बाळंतीण घरात राहू दे, बाळाला तुम्ही आणि मी दुपट्यात गुंडाळून नेऊ. सूनबाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बाळाला तयार करून दिलं आणि स्वतःही रिक्षात येऊन बसल्या.

तुमच्या घरात, शेजारात तान्हं मूल असेल तर एवढं बघा. बाहुली काळीभोर आहे ना, की पांढरट? तीन महिन्यांचं झालं तरी आईच्या तोंडाकडे टक लावून बघत नाही, नजर फिरवत नाही? डोळे सारखे लटलट हलतात? फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल चकाकी आणि दुसऱ्यात पांढरी दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. तो मोतीबिंदू नसून डोळ्यातली गाठही असू शकते, आणि ती जिवावर बेतते. तिरळेपणा "मोठा झाला की जाईल" म्हणून सोडू नका. डोळ्यात मध, दूध, काजळ काही घालू नका, सासूबाई कितीही म्हणोत. गरोदरपणी जर्मन गोवर झाला तर मूल मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं, म्हणून मुलांना, आणि मुलींना तर विसरू नका, गोवर-रुबेलाची लस द्यायलाच हवी. नवव्या महिन्यापासून 'अ' जीवनसत्त्वाचा डोस अंगणवाडीत मिळतो. आणि शाळा-अंगणवाडीत मुलं तपासायला येणारं पथक हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, २०१३ पासून ही सोय आहे, पुढचे उपचारही फुकट. ते येतील त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

बाळाच्या दोन्ही डोळ्यांत बारीक ठिपके निघाले. मधोमध नाहीत, वाढलेले नाहीत, तूर्त ऑपरेशन नको, पण दर महिन्याला दाखवायचं. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्या तारखा आमच्या दुधाच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहिल्यात. रोज आल्या की विचारतात, किती दिवस उरले.

छबूचा डावा डोळा काल झाला. मावशी गुरुवारपर्यंत रजेवर आहेत आणि भांडी मीच घासतेय. पट्टी उद्या सुटेल. मावशींना सांगून ठेवलंय, जुनंच लुगडं नेसून जा, आणि आधी बोला.